मंगळागौर पाण्यात: श्रावणातल्या वॉटर एरोबिक्सच्या वर्गाची आखणी

माधवी_ठाणे:

सोसायटीच्या पूलमध्ये मंगळागौरीच्या खेळांवर बेतलेला वॉटर एरोबिक्सचा एक वर्ग घ्यायचा आहे. माहिती आधीच सगळी देते, म्हणजे नेमकं सांगता येईल.

पूल उघडा, ५० फूट × २५ फूट. उथळ टोकाला ३.५ फूट, खोल टोकाला ५ फूट, मधे एकसारखा उतार. बायका २२, वयं ३० ते ६८. निम्म्यांना पोहता येत नाही. चौघींचे गुडघे दुखतात, दोघी रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. नेहमीचा वर्ग सगळ्या करतात, त्यामुळे पाण्यातलं जॉगिंग, जम्पिंग जॅक, क्रॉस-कंट्री, पेंड्युलम सवयीचं आहे. जीवरक्षक एक. साहित्य: नूडल (फोमच्या लांब तरंगत्या नळ्या) २४, किकबोर्ड (फोमच्या तरंगत्या फळ्या) १२, फोमचे डंबेल ८ जोड्या.

कच्चा बेत: ६० मिनिटं, नऊवारी, गजरे, हिरवा चुडा, खेळ म्हणजे फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, तळ्यात-मळ्यात, सूप, घागर फुंकणं. गाणी सगळ्यांनी म्हणायची. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ असल्याने श्रावण १३ ऑगस्टला लागतोय. २५ ऑगस्टचा मंगळवार धरलाय. काय बदलावं?

उथळपाणी:

आधी जागेचं गणित करा, खेळ नंतर. ५० फुटांत दीड फूट उतार आहे, म्हणजे ४ फुटांची खोली उथळ टोकापासून साधारण १६-१७ फुटांवर येते. न पोहणाऱ्यांना त्यापलीकडे न्यायचं नाही. वापरण्याजोगी जागा साडेसोळा गुणिले पंचवीस, साधारण ४१५ चौरस फूट. हात पसरून चारी बाजूंना हलायला एकीला ३५ चौरस फूट तरी लागतात. म्हणजे एका वेळी फार तर १२. बावीस जणी एकदम उतरवल्यात तर नूडल एकमेकींच्या तोंडावर बसतील आणि झिम्म्याऐवजी धक्काबुक्की होईल.

दोन तुकड्या करा. ११-११ नको, खेळ जोडीचे आहेत. १० आणि १२.

४ फुटांच्या रेषेवर तरंगता दोर आडवा बांधा. उंचीप्रमाणे रांगा लावा: पाच फुटांच्या आसपासच्या उथळ टोकाला, पाच फूट पाच-सहा इंच उंचीच्या दोराजवळ. पाणी छातीपर्यंत हवं. कमरेपर्यंतच असेल तर निम्मं वजन पायावर राहतं आणि उडी गुडघ्याला लागते. छातीपर्यंत असेल तर एक तृतीयांशच्या आसपास उरतं. गळ्यापर्यंत गेलं की पाय तळाला टिकत नाहीत, मग व्यायाम कमी आणि तोल सांभाळणंच जास्त होतं.

आणि उतारावर तोंड करून उभं करू नका. आडवं, म्हणजे २५ फुटांच्या बाजूला समांतर चालवा. नाहीतर प्रत्येक फेरीत खोली बदलत राहते.

टँकवाला:

कपड्यांबद्दल आधी, कारण तिथेच सर्वात मोठा धोका आहे.

हिरवा चुडा काचेचा असेल तर अजिबात नाही. पाण्यातली काच दिसत नाही, व्हॅक्यूमला सगळी येतेच असं नाही, आणि खात्री करायची तर टँक रिकामा करावा लागतो. उघड्या पायांनी त्यात बायका उतरणार आहेत. लाखेच्या, धातूच्या बांगड्याही नकोत, जोडीत हात धरताना मनगटाला लागतात. जोडवी, पैंजण, नथ, मंगळसूत्र सगळं लॉकरमध्ये. अडत असेल तर मंगळसूत्र स्विमसूटच्या आत घालून वर टेप.

नऊवारी पाण्यात नको. भिजलेलं नऊवार कापड पायांत गुंतलं की न पोहणारी बाई उभी राहू शकत नाही. सुती असेल तर धागे स्ट्रेनरमध्ये, म्हणजे पंपाच्या जाळीत जातात, रंग सुटला तर पाणी गढूळ होतं ते वेगळंच. खरा मोगरा नको, पाकळ्या स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) आणि पंपाची जाळी तुंबवतात. टिकल्याही तिथेच जाऊन बसतात. लोखंडी पिना तळाला पडल्या की टाइलवर गंजाचे डाग.

हे सगळं गाळून थीम उरते कशी? नायलॉन-लायक्राची हिरवी किंवा जांभळी टोपी, टोपीला कापडी गजरा दोऱ्याने घट्ट शिवलेला. लेगिंग्जच्या कमरपट्ट्यावर चार बोटं रुंद नायलॉनचा जरीकाठ शिवून घ्या. लोंबणारं टोक एकही नको. लांबून काठपदर दिसतो, पायांत काही येत नाही. हळदीकुंकू करायचं तर कोरड्या खोलीत, वर्ग झाल्यावर. डेकवर सांडलेलं कुंकू ओलं झालं की घसरडं होतं.

डोक्याला तेल लावून कोणी येऊ नये हे आदल्या दिवशीच सांगा. तेल क्लोरीन खातं आणि पाण्याच्या रेषेवर चिकट पट्टा बसतो. आधी साबण लावून अंघोळ, मग टोपी.

गौरीहार:

मंगळवार सोडाच. ज्यांचं लग्न होऊन पाच वर्षं झाली नाहीत त्यांच्या घरी त्या दिवशी पूजा आणि उपवास असतो. रात्रीची जागरणं आहेत ती वेगळी. रविवार ३० ऑगस्ट बरा: राखीपौर्णिमा २८ ला उरकलेली, संकष्टी ३१ ला.

दुसरं, घागर फुंकणं मंगळागौरीचं नाही. ते नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे करतात. वर्गात ठेवायचं तर ठेवा, पण त्याला मंगळागौरीचा खेळ म्हणून सांगू नका. साठीच्या बायका लगेच अडवतील, आणि बरोबर अडवतील.

वेशभूषेपेक्षा खेळाची चाल जपा असं माझं मत. मंगळागौरीचे खेळ म्हणजे घरकामाच्याच हालचाली नाचात आलेल्या. पाखडणं, दळणं, घुसळणं, लाटणं. पाण्यात या हालचालींना जमिनीपेक्षा जास्त अर्थ येईल, कारण पाणी खरोखर अडवतं.

उथळपाणी:

गौरीहार यांनी नेमका मुद्दा काढला. थीम अंगावर घातली की ती भिजते, लोंबते, गळते. हालचालीत घातली की टिकते. आता एकेक खेळ घेते. जमिनीवर तो कशावर चालतो आणि पाण्यात काय मोडतं, ते बघून ठरवायचं.

फुगडी. जमिनीवर दोघी पाय जवळ ठेवून मागे झुकतात, एकीचं वजन दुसरीला पेलतं, त्यावर गिरकी बसते. पाण्यात ते वजनच नाही. मागे झुकलं की पाय तळावरून सुटतात आणि बाई उताणी तरंगते. ओले हात सुटले तर तोंड पाण्याखाली. म्हणून झुकायचं नाही. दोघींनी मिळून एक नूडल आडवा धरायचा, हातांत खांद्याएवढं अंतर, अंग सरळ, कोपरं किंचित वाकलेली. भराभर पावलं टाकत ८ ठोके एका दिशेने. पाणी फिरायला लागतं. मग एकदम उलट ८ ठोके. आपणच तयार केलेल्या प्रवाहाविरुद्ध जावं लागतं, मांड्या आणि पोट पूर्ण कामाला लागतात. खरा व्यायाम या उलट फेरीतच आहे. एका दिशेला सलग दोनपेक्षा जास्त गिरक्या नकोत, नजर समोरचीच्या कपाळावर. अशा चार आवर्तनांनंतर ३० सेकंद जागच्या जागी जॉगिंग, मग जोडी बदला.

फुगडीआधी उताणं पडल्यावर उभं कसं राहायचं ते प्रत्येकीकडून काठाजवळ तीनदा करून घ्या: हनुवटी छातीकडे, गुडघे पोटाशी, दोन्ही हातांनी पाणी मागून पुढे ओढायचं, अंग उभं झालं की मगच पाय खाली. घाबरलेली बाई आधी पाय ताणते आणि डोकं मागे टाकते, तिथेच ती बुडते. जिला हे जमत नाही तिने फुगडी काठाला धरून एकटीने करावी.

झिम्मा. पाण्यावर टाळी दिली तर डोळ्यांत पाणी उडतं आणि व्यायाम शून्य. टाळी पाण्याखाली. दोघींचे तळवे एक वीत अंतरावर थांबवायचे, मधलं पाणी ढकलायचं. ढकललं की आपण मागे जातो, म्हणून एक पाय पुढे, एक मागे, बेंबी आत. ८ सरळ, ८ तिरप्या, ८ स्वतःच्या पाठीमागे. तळवा सपाट म्हणजे जड, मूठ म्हणजे मध्यम, हात कडेवर वळवून कापत नेला म्हणजे हलका. एकाच खेळात ६८ वर्षांची आणि ३० वर्षांची अशी सांभाळता येते.

पिंगा. मान गरगर फिरवणं आणि कमरेतून खाली वाकणं दोन्ही काढून टाका. उरलेला झोका म्हणजे आपला पेंड्युलम: एक पाय बाजूला, दुसरा बाजूला, हात विरुद्ध दिशेला पाणी झाडत. १६ मोजा.

कोंबडा. उकिडवं बसायचं नाही, नाक पाण्यात जाईल. गुडघे वाकवून खांदे पाण्याखाली न्यायचे आणि त्याच उंचीवर छोट्या उड्या, डोकं वरखाली होता कामा नये. ८ उड्या, ८ जॉगिंग, चार वेळा. गुडघेवाल्यांनी उडीऐवजी त्याच उंचीवर पुढेमागे चालावं.

सूप. किकबोर्ड उभा धरून, निम्मा पाण्यात, छातीसमोर पुढे-मागे. पाखडण्याचा झटका पुढे जाताना. १६ चे दोन संच. दणकट आहेत त्यांनी पूर्ण बुडवावा. किकबोर्ड आडवा करून पाण्याखाली दाबायला देऊ नका, हातातून निसटला तर उसळून थेट हनुवटीवर येतो.

जातं. दोन्ही हातांची मूठ एकत्र, छातीच्या खाली पाण्यात मोठं वर्तुळ, ८ उजवीकडून, ८ डावीकडून. पाय रोवलेले. पोटासाठी यापेक्षा चांगलं काही नाही.

घुसळणं. धड डावी-उजवीकडे वळवत हात फिरवायचे. इथे पाय रोवून ठेवू नका. टाच उचलून पाऊल धडाबरोबर वळू द्या, नाहीतर सगळा पीळ गुडघ्यात जातो.

तळ्यात-मळ्यात शेवटी ठेवा. पुढे एक उडी, मागे एक उडी. ३० सेकंद जोरात, ३० सेकंद हळू, सहा वेळा. हाक चुकवून फसवायचं ते तसंच ठेवा, मात्र फसलेलीला बाद करू नका. बाद झालेली बाई पाण्यात उभी राहून गारठते. तिला चार जम्पिंग जॅक द्या.

तालमापक:

संगीत. मंगळागौरीची गाणी हळू सुरू होऊन चढत जातात. जमिनीवर रंगत त्यातच आहे, पाण्यात सगळं तिथेच बिघडतं. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध चौपट होतो. बाई तेवढा जोर लावू शकत नाही, मग हालचाल आखूड करते. बघणाऱ्याला जोश वाटतो, पण हात नुसते पृष्ठभागावर फडफडत असतात.

उपाय: लय कायम ठेवा. मिनिटाला १२५ ते १३० ठोके, प्रत्येक हालचालीला दोन ठोके. मोजायचं सोपं आहे: १५ सेकंदांत ठोके मोजा, चारने गुणा. १५ सेकंदांत ३१-३२ आले की झालं. चढत जायचं ते वेगाने नाही, हालचालीच्या लांबीने आणि तळव्याच्या ठेवणीने. पहिलं कडवं मूठ, दुसरं उघडा तळवा, तिसरं पूर्ण हात ताणून.

गाणी सगळ्यांनी म्हणायची हे जुळणार नाही. मध्यम कष्टात माणूस बोलू शकतो, गाऊ शकत नाही. जोर किती लागतोय ते ओळखण्याची सोपी खूण हीच. सलग गाता येत असेल तर वर्ग हलका पडतोय. डेकवर दोघी-तिघी गायला आणि एक ढोलकीला बसवा, पाण्यातल्यांनी फक्त पालुपद उचलावं.

फिजिओ_कोथरूड:

नाडीवर विसंबू नका. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा मिनिटाला १० ते १५ ने कमी येते, त्यामुळे घड्याळ बघून ‘अजून जोर लावा’ म्हणणं चुकीचं ठरतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी चढत नाही. बोलण्याची कसोटीच ठेवा.

६० मिनिटं जास्त आहेत. उघडा पूल आणि पावसाळा आहे, आदल्या दिवशी पाण्याचं तापमान मोजा. २८ ते ३० अंश असेल तर ४५ मिनिटं. २६ च्या आसपास असेल तर ३०-३५ मिनिटं आणि मधे कुठेही उभं राहून सूचना ऐकायला लावू नका. ओठ निळसर, दातखीळ, बोटं आखडणं दिसलं की त्या बाईला बाहेर काढून कोरडं करा.

बाहेर येणं हाही वर्गाचा भाग धरा. पाण्याचा दाब शरीराभोवती असतो तोवर रक्त वर ढकललं जातं. शिडी चढताच तो दाब जातो आणि रक्तदाब उतरतो. शेवटची पाच मिनिटं संथ चालणं, मग एकेक जण शिडीने, वर आल्यावर दोन मिनिटं खुर्ची. गोळ्या घेणाऱ्या दोघी आधी निघाव्यात, गर्दीत नको. रिकाम्या पोटी कोणी उतरू नये. दीड-दोन तास आधी पोहे-उपमा इतकं पुरे. पाणी प्यायला काठावर प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवा, काचेच्या नको. पाण्यात घाम कळत नाही आणि लघवीची भावना लवकर होते, त्यामुळे बायका पाणी पिणं टाळतात.

फोमचे डंबेल मला या वर्गात नको वाटतात. खांद्याच्या वर हात नेऊन ते फिरवले तर खांदा दुखतो, आणि न पोहणारीला तो आधार वाटतो, जो तो नाही.

ताप, जुलाब, उघडी जखम, डोळे आलेले असतील तर उतरायचं नाही. फिट येणाऱ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि शिक्षिकेला सांगून ठेवावं.

माधवी_ठाणे:

खूपच उपयोगी. चुडा, नऊवारी, डंबेल रद्द. ३० ऑगस्ट, दोन तुकड्या, सकाळी ८ आणि ९.१५. तीन शंका: शिक्षिकेने पाण्यात असावं की काठावर? ढोलकी आणि स्पीकरचं काय? आणि पाऊस आला तर?

उथळपाणी:

काठावर. पाण्यात उतरलात तर मागच्या रांगेला तुमचे पाय दिसत नाहीत, आणि नवीन हालचाली पायांच्याच आहेत. मात्र काठावर हवेत हालचाल आपोआप वेगाने होते, तुमच्याबरोबर राहायचा प्रयत्न करून त्या दमतील. प्रत्येक हालचाल मुद्दाम निम्म्या वेगाने दाखवा. उडी दाखवायची तर टाचा उचलून दाखवा, ओल्या फरशीवर उडू नका. पायात रबरी तळव्याचे बूट, खाली मॅट, बाजूला एक खुर्ची. दोन्ही पाय एकदम उचलायचं काही असेल तर खुर्चीत बसून दाखवता येतं. आवाज घुमतो, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवा: मूठ, उघडा तळवा, दिशा बदल, थांबा. ‘थांबा’ची खूण जीवरक्षकालाही माहीत हवी.

जीवरक्षकाला दुसरं कोणतंही काम देऊ नका. नूडल वाटणं नाही, फोटो काढणं नाही. तुम्ही शिकवत असताना तुमची गणती जीवरक्षकात होत नाही.

टँकवाला:

स्पीकर बॅटरीवरचाच. मेनची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जिंग काहीही डेकवर नको. स्पीकर काठापासून दहा फूट लांब, जमिनीवर नाही, स्टुलावर. ढोलकीवाल्या पत्र्याखाली कोरड्यात बसवा, चामडं दमट झालं की आवाज बसतो.

पाऊस: नुसत्या सरीने वर्ग थांबत नाही. दोन गोष्टींनी थांबतो. गडगडाट ऐकू आला की सगळ्या बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरायचं नाही. ऑगस्टमध्ये आपल्याकडे विजा कमी असतात, पण परतीच्या पावसाकडे जाताना वाढतात, म्हणून वर्ग सप्टेंबरात ढकलू नका. दुसरी गोष्ट गढूळपणा. काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. नाही दिसली तर वर्ग रद्द, कारण खाली गेलेलं माणूसही दिसणार नाही.

रात्री मोठा पाऊस झाला तर क्लोरीन पातळ होतं आणि पीएच हलतो. सकाळी ७ ला तपासा: मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत भाग), पीएच ७.२ ते ७.६. पहिली तुकडी गेली की पुन्हा एकदा. क्लोरीनचा उग्र वास येतोय म्हणजे क्लोरीन भरपूर आहे असं समजू नका. तो वास बहुधा घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो आणि मोकळं क्लोरीन कमी पडल्याची ती खूण असते.

गौरीहार:

फोटोंचं राहिलंच. वर्ग चालू असताना डेकवर फोन नको, सगळ्यांचे एका टोपलीत. वर बाल्कन्या आहेत, तेव्हा त्या दोन तासांची सूचना सोसायटीच्या फलकावर आधी लावा. नऊवारी, नथ, चुडा, सगळा थाट फोटोसाठी वर्गानंतर हॉलमध्ये करता येईल. केस कोरडे करून नेसायला निदान ४० मिनिटं धरा.

आणि घागर? श्वासाचा व्यायाम म्हणून शेवटी छान बसेल. ओंजळीत पाणी घेऊन लांब फुंकर, मग हनुवटी टेकवून पाण्यात बुडबुडे.

फिजिओ_कोथरूड:

बुडबुडे चालतील. चार मोजत श्वास आत, सहा-आठ मोजत फुंकर, पाच वेळाच. जास्त केलं तर चक्कर येते. ज्यांना तोंड पाण्याजवळ न्यायला भीती वाटते त्यांनी फक्त ओंजळ.

उथळपाणी:

४५ मिनिटांचा क्रम असा लावा. ६ मिनिटं आडव्या फेऱ्या, जॉगिंग, खांदे फिरवणं. ३ मिनिटं उताण्यातून उभं राहण्याचा सराव. झिम्मा ५, पिंगा ३, सूप ४, जातं आणि घुसळणं मिळून ५. मग कोंबडा ३, फुगडी ५ (अंग पूर्ण गरम झाल्यावरच), तळ्यात-मळ्यात ६. उरलेल्या ५ मिनिटांत संथ चालणं, पोटऱ्या-मांड्या ताणणं आणि फुंकर. सूप आणि जातं मधे मुद्दाम ठेवलंय, तिथे पायांना विसावा मिळतो.

नूडल फक्त फुगडीला लागतात, तोवर दोरापलीकडे तरंगत ठेवू नका. कोणीतरी आणायला खोल बाजूला जातं. काठावर टोपलीत ठेवा आणि जोडीला एक याप्रमाणे तुम्हीच हातात द्या.

माधवी_ठाणे:

क्रम छापून लॅमिनेट करते. १० जणींच्या तुकडीत गुडघेवाल्या चौघी आणि गोळीवाल्या दोघी एकत्र घेतल्या तर चालेल?

फिजिओ_कोथरूड:

चालेल, पण जोड्या लावताना गुडघेवालीला गुडघेवाली देऊ नका. फुगडीची उलट फेरी सुरू करताना पहिला जोर एकीला लावावा लागतो.